सत्तर किलोचा माणूस

तो कुठेच राहत नाही.
डंडीत नाही, टे नदीपलीकडच्या न्यूपोर्टातही नाही.
पण माझ्या प्रोग्रॅमच्या बाराव्या ओळीत
रोज सकाळी आठला हजर:
वजन सत्तर किलो. नाव नाही, गाव नाही,
सर्दी-पडसं नाही, लग्नाकार्यात दोन घास जास्त नाहीत.
येईल त्याला त्याच्यानं भागायचं
आणि डोक्यावर पाऊण घात चढवायचा.

इशबेलनं एकदा विचारलं,
ह्या चढवलेल्या आकड्याला तुमच्याकडे काय म्हणतात?
घात, म्हटलं.
आणि एरवी ह्या शब्दाचा अर्थ?
तोही सांगितला.
ती हसली नाही. किटलीत पाणी भरायला गेली.

आज सतरा नंबरचं बाळ.
नऊशे ऐंशी ग्रॅम.
भागिले सत्तर किलो: शून्य पूर्णांक शून्य एक चार.
एवढंच धरावं तर क्लिअरन्स नखाएवढा.
पण लहान अंगाची धग मोठी;
पाऊण घात चढला की तोच आकडा
जवळजवळ तिप्पट होऊन बसतो.
मग वयाचा गुणक येतो आणि हात धरतो:
सत्ताविसाव्या आठवड्यातली मूत्रपिंडं,
अजून शिकताहेत,
आठातला एक वाटा उरकला तरी खूप.

व्हॉल्यूमला घात एकच. दिसायला सोपा.
पण ती जागा कुठं असते विचाराल तर कुठंच नाही.
औषध सगळीकडे रक्ताइतकंच दाट असतं
तर किती लिटरांत मावलं असतं,
असा तो ‘असतं तर’चा हिशेब.
काही औषधांचा पाचशे लिटर येतो.
सत्तर किलोच्या माणसात पाचशे लिटर!
हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी
बसमध्ये मी एक थांबा पुढे गेले होते.

देवगडला शेजारच्या सुगंधाकाकू बाळगुटी उगाळायच्या.
वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हळकुंड,
महिन्याच्या पोराला सहाणेवर एक वेढा,
दोन महिन्यांच्याला दोन.
जायफळाचा मात्र अर्धाच, नाहीतर झोपून राहील.
त्यांना घातांक विचारला असता
तर पदराला हात पुसत म्हणाल्या असत्या,
आधी पोर दाखव.

माझ्याकडे पोर नाही. ओळी आहेत.
पहिला दिवस ९८०.
चौथा दिवस ९१०, घाबरायचं नाही, सगळीच उतरतात.
नववा दिवस १००५.
दहाव्याला टिंब.
अकराव्याला टिंब.
मग टिंबंच, पानाच्या तळापर्यंत.

नियम सांगतो: शेवटचं वजन पुढे ओढा.
ओढलं.
हजार पाच, हजार पाच, हजार पाच,
एक बाळ ना वाढतंय ना उतरतंय
आणि त्याच्या रक्तातलं औषध
किती देखण्या वळणानं खाली येतंय.

काटा बिघडला असेल, इशबेल म्हणाली.
किंवा घराजवळ म्हणून इनव्हर्नेसला हलवलं असेल.
तिसरं ती बोलली नाही.
नावं पुसून मगच फाइल आमच्याकडे येते,
ते बरोबरच आहे, कागदावर मीही सही केलीय.
खिडकीतून पूल दिसत होता,
त्यावरून एक रिकामी वाटणारी गाडी उत्तरेला गेली.

प्रोग्रॅम अर्धविरामापुढचं काही वाचत नाही.
माणसांसाठी टिपणं ठेवायची ती जागा;
बहुतेकजण तिथं तारीख टाकतात.
मी सतरा नंबरच्या ओळीशी गेले, अर्धविराम दिला
आणि पुढे देवनागरीत लिहिलं:
पोर दाखव.

मग रनचं बटण दाबलं.
चार मिनिटं लागतात.
सत्तर किलोचा माणूस बाराव्या ओळीत तसाच उभा,
न जेवलेला, न दमलेला,
त्याच्या वजनात एका ग्रॅमचाही फरक नाही.